चेंडूवरचा शेंदूर

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धारच्या मैदानावर पंचांनी चेंडू ताब्यात घेतला. देवास आणि धार यांच्यातल्या एकोणीस वर्षांखालील सामन्याचं चौदावं षटक नुकतंच संपलं होतं. धारचे चार गडी बाद झाले होते; चारही देवासच्या शंतनू मुळेने काढले होते.

चारही झेल यष्टिरक्षक आणि स्लिपकडे गेले होते. शंतनूची शिवण पहिल्या स्लिपकडे रोखलेली असायची, चकचकीत बाजू लेगला, खरखरीत ऑफला. चेंडू शेवटच्या दोन-तीन हातांत बाहेर वळायचा. राज्य संघाच्या निवड समितीचे एक सदस्य त्यालाच पाहायला आले होते.

चेंडू चमकवायचं काम मात्र त्याचं नव्हतं. ते मिड-ऑफला उभ्या असलेल्या पियूषचं. थुंकी लावायला बंदी आहे, घाम चालतो; बाकी काहीही चालत नाही. म्हणून पियूष कपाळाचा घाम बोटाने घेऊन एकाच बाजूला घासत असे.

त्या सकाळी बस सुटण्याआधी शंतनूच्या आईने, जयवंतीबाईंनी, देवासच्या टेकडीवरच्या देवीच्या देवळातून आणलेला, तेलात कालवलेला शेंदूर दोघांच्याही कपाळाला लावला होता. दर सामन्याला लावत. अकरापर्यंत तो उन्हात वितळला.

"ये क्या लगा है?" पंचांनी चेंडू फिरवत विचारलं.

"पसीना है, सर," पियूष म्हणाला.

"पसीना केसरिया कब से आने लगा?"

स्लिपमधला एकजण हसला.

धारला दंडाच्या पाच धावा मिळाल्या, चेंडू बदलला गेला. बदललेल्या चेंडूने शंतनूने आणखी नऊ षटकं टाकली. एकही गडी मिळाला नाही, एकही चेंडू वळला नाही.

घरी संध्याकाळी वडील अशोकराव म्हणाले, "विभागीय कार्यालयाने खुलासा मागितलाय ना? चेंडूला तू घाम लावलाच नाहीस. तेवढं लिही आणि सही कर."

"आणि पियूषचं काय?"

"तो बॅटर आहे. त्याची कुठे निवड व्हायचीय आत्ता?"

"शेंदूर मी लावला," जयवंतीबाई म्हणाल्या. "माझं नाव लिहा."

"आई, तू टीममध्ये नाहीस."

रविवारी सकाळी प्रशिक्षक दत्ताजींनी शंतनूला सरावाच्या जाळीत शेंदूर न लागलेला नवा चेंडू दिला. वीस चेंडू मोजले. अकरा वळले, नऊ सरळ गेले.

"भिया, इससे क्या समझें?" शेजारी उभ्या पियूषने दत्ताजींना विचारलं. मुलं त्यांना भिया, म्हणजे भैया, म्हणत.

"काही नाही," दत्ताजी म्हणाले. "नवा चेंडू थोडाफार वळतोच."

शंतनूने दुपारी खुलासा लिहिला. मराठीत लिहायला त्याला वेळ लागतो, म्हणून हिंदीत, दोन ओळींत: सिंदूर हम दोनों के माथे पर था. गेंद चमकी, उसका फायदा मैंने लिया. अशोकरावांनी तो वाचला आणि परत दिला.

खुलासा सोमवारी सकाळी विभागीय कार्यालयात पोहोचला. सुनावणी बुधवारी आहे. राज्य संघाची यादी सोमवारी संध्याकाळी पाचला लागायची होती. सात वाजेपर्यंत लागलेली नव्हती. यादी सुनावणीसाठी थांबवली आहे का, हे कार्यालयाने सांगितलं नाही.