भेंडीचं अठ्ठ्याण्णव

सकाळी आठ वाजता हिंगणीत एका भेंडीचा ऑक्सिजन मोजण्यात आला. तो अठ्ठ्याण्णव भरला. नाडी बहात्तर. भेंडीची प्रकृती स्थिर होती.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट गावात शिरलेली, भाजीबाजार बंद, आणि मारुतीच्या पारावर प्राणबाबांची बैठक. बाबांच्या तोंडावर दोन मास्क आणि वर प्लास्टिकची ढाल. कोरोना आपल्याला घाबरतो, असं ते सांगत. मग मास्क कशाला, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "बिचाऱ्याला माझं तोंड दिसू नये म्हणून. दया येते."

भक्तानं समोर बसायचं. बाबा कानात फुंकर मारत. ती दोन्ही मास्कांत अडकून राही. मग झोळीतलं चिमट्यासारखं मशीन बोटाला लागे. आकडा सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव. कधीच कमी नाही.

"देखो भाई!" बाबा गर्जत. "शहरात सिलिंडरले रांगा, अन् इथं प्राणवायू बोटाबोटातून ओसंडून राह्यला! फेको पंप! फेको गोळ्या!"

मधुकररावांनी श्वासाच्या औषधाचा पंप फेकला होता. थेट विहिरीत.

मधुकररावांचं फुप्फुस दहा वर्षांपासून अधू. घरचे त्याला दमा म्हणत. लाट आली तेव्हा त्यांनीही ऑक्सिजनचं मशीन आणलं. त्यात एक्क्याण्णव आलं. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की दवाखाना, असं टीव्ही दिवसभर सांगत होता. आणि दवाखान्यात गेलेली शेजारची दोन माणसं परतली नव्हती. मधुकरराव घासागणिक बोट मोजू लागले. आडवं झालं तर श्वास थांबेल म्हणून बसून झोपू लागले. शेवटी मशीन ज्वारीच्या कोठीत पुरलं आणि पार गाठला. तिथे त्यांना अठ्ठ्याण्णव मिळालं.

पत्नी आनंदाबाईंनी त्यांच्या भाचीला फोन केला. वर्षाली सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या विकारांची डॉक्टर.

"चार घास खात नाई," वर्षाली आल्यावर पाराशी पोचेपर्यंत आनंदाबाई तिला सांगत होत्या. "दोन शब्द बोलले का दम लागते. अन् ते मशीन म्हणते, ठणठणीत!"

बाबांपुढे भेंडीची टोपली होती. भाजीवाल्या घरांत पहिला तोडा, म्हणजे पहिल्या तोडणीचा माल, देवाला द्यायची रीत. देवळाला कुलूप, म्हणून तो आता बाबांपुढे येत होता. वर्षालीनं टोपलीतली एक भेंडी उचलली आणि बाबांच्या मशीनमध्ये घातली.

अठ्ठ्याण्णव.

माणसं आकडा बघायला वाकली. आता बाबा संपले, असं वर्षालीला वाटलं.

"मंग!" टोपली आणणारे नत्थूजी छाती काढून म्हणाले. "माह्या वावरातली हाय. पहिला तोडा. देवाच्या भेंडीत प्राण नाई राहीन तं कोठं राहीन?"

लोकांनी भेंडीला हात जोडले. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांनाही हे नवीनच होतं.

वर्षालीनं खराट्याची काडी लावली. सत्त्याण्णव.

"पाराचा खराटा हाय, बाई. देवाजवळचा."

तिनं स्वतःचा पेन लावला. नव्व्याण्णव.

"डॉक्टरचा पेन," नत्थूजी म्हणाले. "शिकलेला असन."

वर्षालीनं मशीनचं झाकण उघडून सगळ्यांपुढे धरलं. "खरं मशीन बोटातून लाल उजेड पाठवते. रक्तानं किती उजेड गिळला, ते पल्याडचा एक डोळा पाह्यते. याच्यात तो डोळाच नाई. दिवा, सेल अन् आधीच भरून ठेवलेले आकडे. खेळणं हाय हे!"

"डोळा आतला असतो, बेटी," बाबा म्हणाले.

तिनं पर्समधून आपलं मशीन काढलं. भेंडीवर त्यानं नुसत्या दोन रेघा दाखवल्या. मग ती मधुकररावांकडे वळली. त्यांनी हात पाठीमागे लपवला.

"मामा, बोट द्या."

"नाई."

"काऊन?"

"मले का समजत नाई, वर्षाली?" ते थांबत थांबत बोलले. "खोटं हाय ते. पयल्या दिवशीच समजलं. पण अठ्ठ्यान्नव पाह्यलं का तेवढा वेळ श्वास लागते वो माय. तुह्या मशीननं कमी दाखवलं तं मी इथंच मरतो."

पारावर कोणी हसलं नाही. वर्षाली त्यांच्याजवळ खाली बसली.

"मामा, मागच्या दिवाळीत तुमचं किती होतं, ठाऊक हाय? एक्क्यान्नवच. मीच मोजलं होतं. तुमच्या फुप्फुसाचं रोजचं तेवढंच हाय. टीव्हीवरचा आकडा धडधाकट माणसाचा. भीतीनं श्वास वाढते, श्वास वाढला का भीती वाढते. त्या भीतीवरही इलाज हाय. पण पंप बंद करून चालत नाई."

आनंदाबाईंनी त्यांचा हात पाठीमागून पुढे ओढला. शहाऐंशी.

वर्षालीनं पर्समधला पंप दिला आणि गाडी मागवली. मधुकरराव गाडीत बसले, आनंदाबाईंचा हात न सोडता. या गडबडीत बाबा टोपलीसकट एका टेम्पोत चढून पसार झाले. मशीन आणि भेंडी नत्थूजींकडे राहिली.

नवं मशीन आणलं की बोटाआधी ते भेंडीला लावून पाहावं. भेंडी ठणठणीत निघाली तर मशीन फेकावं, औषध नाही. आणि छातीत भीती बसली असेल, तर तीही डॉक्टरला सांगावी. ती दम्याइतकीच खरी असते.

शेवटची खबर: मधुकरराव सावंगीला दाखल आहेत. पंप सुरू आहे. मनाचे डॉक्टर रोज येऊन बसतात, काल मधुकरराव पहिल्यांदा आडवे होऊन झोपले. ऑक्सिजन एकोणनव्वद. कोरोनाच्या तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही.

नत्थूजींच्या देव्हाऱ्यातली भेंडी वाळून काडी झाली आहे. तिचं अठ्ठ्याण्णव कायम आहे.