चौकड्यांचा टॉवेल

बहारीनच्या माहूज भागातल्या एका नर्सरीच्या फाटकात मिसेस प्रेंटिस आपल्या चार वर्षांच्या मुलीशी झटापट करत होत्या. हेझलनं डोक्यावरून भांडी पुसायचा चौकड्यांचा टॉवेल घेतला होता, हनुवटीखाली घट्ट ओढून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता, आणि काही केल्या ती तो काढू देत नव्हती.

"आय अ‍ॅम शरीफा!" ती पाय आपटत ओरडत होती. "आय अ‍ॅम शरीफा!"

आपलं नाव ऐकून शरीफुन्निसा आतून धावत आली. तिनं बुरखा नेहमीप्रमाणे आत खुंटीला लावला होता. डोक्यावर पांढरी ओढणी, हनुवटीखाली टाचलेली, चेहरा उघडा. पोरीचं सोंग पाहून तिला हसू आवरेना.

"अगो माझी बाय! ह्या काय केलंस?"

ती गुडघ्यांवर बसली. चिमट्यात गळ्याची कातडी सापडून लाल झाली होती. पोरीला दुखतंय, एवढंच तिला दिसलं. तिनं चिमटा सोडवला, टॉवेल सारखा केला, दोन्ही टोकं हनुवटीखाली आणली आणि आपल्या ओढणीची एक पिन काढून, टोचू नये म्हणून आत स्वतःचं बोट धरून, अलगद लावून दिली. मग हेझलचे गाल धरून तिचं तोंड आईकडे वळवलं. बघा तरी, किती गोड दिसते.

मिसेस प्रेंटिसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी पोरीला उचललं, गाडीत घातलं आणि निघून गेल्या. शरीफुन्निसा हसत हात हलवत राहिली. आईला घाई असेल, असं तिला वाटलं.

बाणकोट खाडीकाठच्या गावातून ती बहारीनला आली होती नवऱ्यामागे. इक्बाल बंदरात, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. घर नईम मोहल्ल्यात, जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. नर्सरीत साहेबलोकांची मुलं यायची, बँकेतल्यांची, तेल कंपनीतल्यांची. त्यांची नाकं पुसायची, त्यांना संडासला न्यायचं, भरवायचं, जेवण झालं की थोपटून झोपवायचं, हे तिचं काम. मुलं तिच्याकडून 'चल चल' आणि 'झोप' असे शब्द शिकली होती. घरी गेल्यावर मुलं आपल्या बाहुल्यांना "झोप, झोप" म्हणत थोपटायची, आणि त्यांच्या आया ते कौतुकानं हसून सांगायच्या. टॉवेलाचंही तसंच असेल, असं तिनं धरलं होतं.

बुधवारी नर्सरीच्या मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. मिसेस लँग्डन वाईट बाई नव्हत्या. शरीफुन्निसाच्या बाळंतपणात स्वतः गाडीतून इस्पितळात सोडायला गेल्या होत्या. बोलणं समजावून सांगायला त्यांनी अ‍ॅग्नेसला उभं केलं होतं. अ‍ॅग्नेस वसईची, नर्सरीतलीच हेल्पर. तिच्या अंदाजापेक्षा शरीफुन्निसाला इंग्रजी पुष्कळ जास्त समजायचं. पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मॅडम सावकाश बोलत होत्या. आईबाप अस्वस्थ आहेत. इराणात क्रांती झाल्यापासून रोज टीव्हीवर तेहरानच्या काळ्या कपड्यांतल्या बायका दिसतात. तू तशी नाहीस, मला माहीत आहे. पण मिसेस प्रेंटिस म्हणतात, आम्ही इथं तीन वर्षांसाठी आलोय, परत जाताना आमची मुलगी आमचीच असली पाहिजे. तू तिला स्वतःच्या हातानं बुरखा बांधलास.

"मॅडम म्हणतात, प्रेंटिसबाय रागावलीय," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"बुरखा नाय तो. फडका होता. पोरीचा गळा कापत होता."

अ‍ॅग्नेसनं तेवढं सांगितलं. मॅडमनी मान हलवली, ऐकू आलं पण पटलं नाही अशी. मग त्या पुढं झुकल्या. आवाज आणखी मऊ झाला.

"मॅडम म्हणतात, ह्या इमारतीत तुझा नवरा नाय, मौलवी नाय. तुला कोणाची जबरदस्ती नाय. इथं तू मोकळी हायस."

"बरं. मग?"

"मग ओढणी काढ."

शरीफुन्निसा अ‍ॅग्नेसकडे वळली. "मोकळी हाय ना मी? मग ठेवते, सांग."

अ‍ॅग्नेस मॅडमना म्हणाली, "शी विल थिंक, मॅडम."

विचार करायला शनिवारपर्यंत मुदत मिळाली. मुलांत राहायचं तर उघड्या डोक्यानं. नाहीतर मागची धुण्याची खोली होतीच, तिथं मशीनवर चादरी धुवायच्या. तिथं कुणी आईबाप येत नाहीत, तिथं हवं तसं राहावं.

बाहेर आल्यावर अ‍ॅग्नेसनं दार लागल्याची खात्री केली आणि कपाळावर हात मारला. "मागल्या महिन्यात कॉन्व्हेंटची सिस्टर आलेली, आठवते? तिचं डोकं काय उघडं होतं? मॅडमनी तिला आपल्या खुर्चीत बसवली!"

"मग आत ह्या का नाय बोललीस?"

"माझा व्हिसा त्यांच्याकडं हाय, बाय."

शरीफुन्निसानं तिचा हात दाबला. राग धरण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून इक्बाल जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. तो माशाचा काटा बाजूला काढत म्हणाला, "धुण्याची खोली घे. मशीनला डोळे कुठं असतात? तिच्यासमोर वाटलं तर फेटा बांध."

"मशीनचं नाक पुसायचं काय मी?"

"मग सोड. मी काय उपाशी ठेवतो काय तुना?"

"पोटाचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. "माझी पोरं हायत ती."

"तुझी? खलास! उद्या सगळ्या साहेबांना जावई करून आणशील."

महमुदा, त्यांची मोठी मुलगी, चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "जस्ट टेक इट ऑफ, मा. इट्स ओन्ली टिल थ्री ओ'क्लॉक. नईमचं कोणी बघणार नाही तिथं."

"नईमवाल्यांसाठी घालते काय मी?"

"देन व्हाय?"

शरीफुन्निसाला तिच्या आईनंही हे कधी समजावून सांगितलं नव्हतं. उजव्या हातानं का जेवतो, याला जसं उत्तर नसतं तसंच ते होतं. बाकीच्यांनी विचारायचं, आणि विचारलं की आपण अडाणी ठरायचं. ती उठली, न्हाणीत जाऊन कडी लावली आणि आरशासमोर ओढणी काढली. कानांच्या पाळ्या, भांगाजवळचे पांढरे केस. "गुड मॉर्निंग, मिसेस प्रेंटिस," ती हळूच आरशाला म्हणाली. भर बाजारात पदर सुटल्यासारखे तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले.

बाहेर आली तेव्हा ओढणी जागेवर होती. महमुदानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

शनिवारी सकाळी अ‍ॅग्नेसला न घेता ती एकटीच ऑफिसात गेली. वाक्यं तिनं बसमध्ये जुळवली होती.

"मॅडम, आय नो ओपन. आय नो गो लॉन्ड्री. चिल्ड्रन ऑर नथिंग. आय गो होम."

मिसेस लँग्डननी चष्मा काढला. खरोखरच त्यांना वाईट वाटलं होतं. तुझ्यासाठीच तर वाट मोकळी करत होते मी, त्या म्हणाल्या. तू तुझ्या हातानं ती बंद करतेयस. निदान हा महिना तरी पुरा कर.

"नो, मॅडम. टुडे. आफ्टर स्लीप."

म्हणजे मुलांना झोपवून मग.

त्या दिवशी हेझलही आली होती. केसांना मोठी निळी रिबन, मागे करकचून बांधलेली. आल्या आल्या ती शरीफुन्निसाकडे धावली नाही, खेळण्यांच्या कपाटाशी उभी राहून लांबूनच पाहत राहिली. कुणीतरी तिला काहीतरी बजावलं असणार. शरीफुन्निसानंही हाक मारली नाही. रोजच्यासारखी नाकं पुसली, सांडलेलं दूध पुसलं, भरवलं.

जेवणानंतर पडदे ओढले. गाद्या अंथरल्या. एकेकाच्या पाठीवर थोपटत ती पुढं सरकत गेली. काही पोरं लगेच झोपली, एकानं उगाच पाणी मागितलं. शेवटी हेझलची गादी. ती डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. थोपटायला सुरुवात केल्यावर तिनं हळूच हात वर केला, दाराकडे पाहिलं, आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"झोप," शरीफुन्निसा म्हणाली.

"झोप," हेझल म्हणाली, आणि डोळे मिटले.

श्वास लांब होईपर्यंत ती थोपटत राहिली. मग तिनं पोरीच्या मुठीतून ओढणी सोडवायला घेतली. करंगळी आधी, मग एकेक बोट. मूठ रिकामी झाल्यावर बोटं हवेत काहीतरी शोधू लागली. तिनं चादरीचं टोक त्यांत दिलं. मूठ मिटली.

अ‍ॅग्नेस दारात उभी होती. तोंडावर हात दाबून. शरीफुन्निसानं तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. खुंटीवरचा बुरखा अंगावर चढवला. रबरी चपला फरशीवर फार वाजायच्या, म्हणून त्या हातात घेतल्या.

अंगणातल्या लाद्या उन्हानं तापून निघाल्या होत्या. ती घाई न करता, अनवाणी, त्यांच्यावरून चालत गेली. फाटकाची कडी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी लावली. रस्त्यावर आल्यावर मग तिनं चपला खाली ठेवल्या आणि पाय त्यांत घातले.