साखरेच्या अंड्यांची माळ

मित्रांनो, मी एक जुना सागवानी साचा आहे. मला घडवलं गाठीसाठी आणि मी नावारूपाला आलो अंड्यांसाठी! हसू येतंय ना? हसा खुशाल. आता मला त्याचं काही वाटत नाही. त्या काळी मात्र फार वाटायचं.

गाठी तुम्हाला ठाऊकच आहे. होळीला मुलं गळ्यात घालून मिरवतात आणि पाडव्याला गुढीला बांधतात, ती साखरेची माळ. ती आमच्यासारख्या लाकडी साच्यांतून निघते. दोन फळ्या एकमेकींवर घट्ट बसवायच्या. दोन्ही फळ्यांना आतून जोडीजोडीने खळगे कोरलेले असतात. त्यांच्या मधून दोरा सोडायचा, वरून कढत पाक ओतायचा आणि निवला की फळ्या उघडायच्या. झाली गाठी.

चिंचवड गावात बत्तासेवाले मीरासाहेब आणि त्यांची बायको रहमतबी हे काम करत. त्यांच्याच ओसरीवर ज्योतीराम सुताराने मला कोरलं. ज्योतीरामचा हात कसबी होता, पण तोंडाला खळ म्हणून नव्हता. मला कोरता कोरता त्याने आपल्या मेव्हणीच्या लग्नातलं भांडण सांगायला घेतलं. भांडण रंगत गेलं तशी पटाशीही रंगली आणि माझे खळगे खोलच खोल होत गेले. रहमतबीने मला हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"ज्योतीरामभाऊ, ह्यात गाठी व्हायची का नारळ?"

त्या होळीला माझ्यातून एकच माळ काढली. ती दत्तोबा किराणावाल्याच्या नातवाच्या गळ्यात घातली, तर पोराची मान खाली गेली आणि त्याने भोकाड पसरलं. बाकीचे साचे लहान, नाजूक पदकांच्या माळा देत होते आणि त्यांचं कौतुक चाललं होतं. मला मात्र दारापाशी नेऊन ठेवलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून! अस्सल सागवान मी, आणि काम काय, तर दार धरून बसायचं. येणाजाणाऱ्याचे पाय लागायचे. मनातल्या मनात मी सगळ्यांना शिव्या दिल्या आहेत, खोटं कशाला बोलू?

अशी काही वर्षं गेली आणि एकोणसाठ साल उजाडलं. शेजारच्या पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना सुरू झाला होता. कुठकुठची माणसं कामाला येऊन राहिली होती. त्यांतच नगरकडचे शांतवन होते, त्यांची बायको मार्थाबाई होती आणि दुसरीत जाणारी सुवार्ता नावाची मुलगी होती. हे कुटुंब ख्रिस्ती. ईस्टर, म्हणजे प्रभू येशू थडग्यातून उठला तो दिवस, त्यांचा मोठा सण. त्याच्या आधी ते उपवासकाळ पाळतात. ज्याला जे आवडतं ते त्याने सोडायचं. त्या वर्षी सुवार्ताने पहिल्यांदाच उपवास धरला आणि सोडलं काय, तर गोड! चहासुद्धा बिनसाखरेचा. पोरगी साखरेच्या डब्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. त्यांच्या जुन्या गावी मिशनच्या शाळेतल्या मास्तरीणबाई ईस्टरच्या सकाळी प्रत्येक मुलाला साखरेचं अंडं द्यायच्या. अंड्यातून जसा जीव बाहेर येतो, तसा प्रभू थडग्यातून आला, म्हणून अंडं. आईने सुवार्ताला शब्द दिला होता, "तू उपवास पुरा कर. ईस्टरला तुझ्या हातात साखरेचं अंडं देईन." एवढ्या मोठ्या कारखान्याच्या गावात अंडं मिळणार नाही, असं त्या माउलीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि नेमकं तेच मिळालं नाही. पिंपरीची सगळी दुकानं पालथी घालून मार्थाबाई शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर आल्या. दुसऱ्या दिवशी ईस्टर!

आमच्याकडे तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पाडवा तोंडावर आलेला. त्यात रमजान चालू होता, त्यामुळे घरात दोघांचेही रोजे. घशाला कोरड पडलेली आणि समोर साखरेचा पाक उकळतोय.

"साखरेचं अंडं?" मीरासाहेब म्हणाले. "बाई, बत्तासे न्या, रेवड्या न्या, गाठी न्या. अंडी आमच्याकडं न्हाईत, ती कोंबडीकडं मागा."

मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "पोरीनं इतके दिवस साखरेचा कण तोंडात घातला नाही हो. उद्या सकाळी तिला काय तोंड दाखवू?"

मीरासाहेब वरमले. त्यांनी कढईखालचा जाळ कमी केला. रहमतबी इकडेतिकडे बघू लागली आणि तिची नजर दारापाशी माझ्यावर येऊन थांबली.

"अवं, त्यो बघा की! ज्योतीरामभाऊंचा नारळ!"

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने मला घासून पुसून पाण्यात टाकलं. लाकडी साचा आधी भिजवावा लागतो, नाहीतर पाक चिकटून बसतो. मी इतका वाळलो होतो की पाणी पीतच राहिलो. मग रहमतबीने मला घट्ट बांधलं आणि पाक ओतला. चव मात्र कुणी बघितली नाही. रोज्यात कशी बघणार? अंदाजानेच सगळं चाललं होतं.

पाक निवला. फळ्या उघडल्या. आतून पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कोंबडीला लाजवतील अशी अंडी निघाली! पण सगळी एका दोऱ्यात ओवलेली.

"या अल्ला!" रहमतबीने तोंडावर हात ठेवला. "दोरा सोडला की वं मी!"

हाताची सवय हो. आयुष्यभर दोरा सोडून पाक ओतलेला. हाताला काय ठाऊक हे पाडव्याचं आहे की ईस्टरचं? मीरासाहेबांनी दोरा ओढून बघितला, तर कडेचं अंडं तडकलं. मधे कापून सुटी करावीत, तर प्रत्येक अंड्याला दोऱ्याची दोन शेपटं लोंबली असती. पुन्हा करायचं तर मला निवून भिजायला वेळ हवा होता, आणि मार्थाबाईंना दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं.

"अहो, ही तर गाठीच झाली," मार्थाबाई कळवळून म्हणाल्या. "गाठी घेऊन उपासनेला जाऊ? पाळक काय म्हणतील?"

पण इलाज नव्हता. ती माळ फडक्यात बांधून, खाली मान घालून त्या गेल्या. रहमतबीला फार वाईट वाटलं. मला तर त्याहून जास्त. एवढ्या वर्षांनी संधी मिळाली होती आणि त्यातही नाट लागला! आता परत दारापाशी रवानगी, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मार्थाबाई आल्या. सोबत सुवार्ता. नवा झगा, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या आणि गळ्यात माझी अंड्यांची माळ!

"चाची, सगळ्या मुलांना माझी माळ पाहिजे होती!" सुवार्ता ओसरीवर पाय ठेवायच्या आतच सांगू लागली. पहाटे नदीकाठच्या मैदानात सगळे जमले होते. एकाने म्हणायचं, "प्रभू उठला आहे," आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे." तेवढ्यात उजाडलं आणि तिच्या गळ्यातली अंडी चमकायला लागली. प्रार्थना सांगणाऱ्या पाळकसाहेबांनी माळ हातात धरून बघितली आणि म्हणाले, "हे बरं झालं. नाहीतर दरवर्षी एखाद्याचं अंडं गवतात हरवतं आणि रडारड होते."

रहमतबीचा जीव भांड्यात पडला. "आणि चव कशी झालीय गं? आमी काई चाखून बघितलं न्हाई."

सुवार्ताने माळ मुठीत धरली. मार्थाबाईच म्हणाल्या, "अजून खाल्लं कुठं तिनं! सकाळपासून सांगतेय, बाई, तुझा उपवास संपला, खा आता. ऐकत नाही. मी काल घरी बोलले की करणाऱ्यांना रोजा आहे, त्यांनी चवसुद्धा घेतली नाही. तेच धरून बसलीय."

"मग मी एकटीनंच आधी कशी खाऊ?" सुवार्ता म्हणाली. "तुमचा रोजा सुटला की आपण मिळून खाऊ."

"अगं लेकी, दिवस मावळायला लई वेळ हाय अजून," मीरासाहेब म्हणाले.

"असू दे. मला थांबायची सवय झालीय."

मीरासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी ओसरीवर मांडी घालून बसली. माळ गळ्यात, साखर हाताशी, आणि बोटही लावलं नाही. अजान झाली. दोघांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं. मग रहमतबीने अडकित्त्याने दोरा कापला आणि अंडी सगळ्यांच्या हातावर ठेवली. ओसरीवर नुसता कटकट कटकट आवाज! सुवार्ताचे गाल फुगले होते आणि डोळे आपोआप मिटले होते. मी त्या दिवशी जितका सुखी होतो, तितका पुन्हा होईन असं मला वाटलं नव्हतं. पण झालो. दरवर्षी झालो.

कारण त्यानंतर ईस्टर आला की शांतवनांच्या घरची मागणी ठरलेली असे, "अंडी माळेचीच हवीत." हळूहळू पिंपरीतली दुसरी ख्रिस्ती घरंही मागू लागली. दार धरायला मीरासाहेबांनी एक धोंडा आणला. ज्योतीराम मला दाखवून लोकांना सांगायचा, "मी मुद्दामच मोठं कोरलं व्हतं!" सांगू दे बापडा.

आता माझ्या कडा झिजल्या आहेत, एक फळी थोडी चिरली आहे, तरी मी समाधानी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना साचा असेल, तर त्याला चुलीत घालू नका. वापरण्याआधी भिजवा, नंतर सावलीत वाळवा, तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणखी एकच मागणं आहे. सणाचं गोड तोंडात टाकण्याआधी, ज्यांनी ते केलं त्यांनी खाल्लं का, एवढं विचारा. आणि त्यांनी खाल्लं नसेल, तर जरा थांबा.