स्वस्तातली एसएसडी

बोईसरच्या सागरगंध सोसायटीपासून सागर बराच लांब आहे. गंध येतो तो कारखान्यांचा. सोसायटीचे सचिव मारुतीकाका निवृत्त झाले, तेव्हा सोसायटीचा कॉम्प्युटरही निवृत्तीलाच आला होता. दोघांनाही मुदतवाढ मिळाली आणि कॉम्प्युटर काकांच्या पुढच्या खोलीत राहायला आला.

तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की पावती मागायला आलेला माणूस आधी उभा राही, मग बसे, मग चहा पिई आणि शेवटी वाणगावच्या साडूची भानगड सांगू लागे. निवृत्त माणसाकडे मुद्दाम बसायला कुणी येत नाही, हे काकांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. अडकलेला माणूस मात्र बसतो.

एका सभेत खजिनदार स्वातीताईंनी विषय काढला, "जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवू या." माहिती द्यायला कॉम्प्युटरवाला मेहुल आला होता.

"ह्याच्यात फिरणारं काय नाय," तो म्हणाला. "खरखर नाय, धक्का लागला तरी फिकीर नाय. बटण दाबलं की चालू."

"दाबलं की लगेच?" काकांनी विचारलं.

"चहाचं आधण ठेवायच्या आत."

काका घाईघाईने तोटे शोधू लागले. "पण ती मरताना सांगत नाही म्हणे. आपली हार्ड डिस्क कशी, आधी कण्हते, खरखरते, माणसाला तयारीला वेळ देते."

"म्हणून दुसरीकडे कॉपी ठेवायची, काका. ती हार्ड डिस्कचीपण ठेवावी लागते. ठेवलीय ना?"

हा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

"घ्यायचीच तर चांगल्यातली घेऊ," स्वातीताई म्हणाल्या. "स्वस्तातलीत खोट काय असते?"

"रोजच्या कामाला झकास. पण भरत आली की मंदावते. मोठे व्हिडिओ टाकायला घेतले की आधी धावते, मग तिला दम लागतो. रांगते नुसती."

काकांनी मान वर केली. "फार रांगते?"

"वैताग येईल तुम्हाला."

"स्वस्तातलीच घेऊ," काका म्हणाले. "शेवटी पैसा सभासदांचा आहे."

त्यांच्या काटकसरीबद्दल सभेने अभिनंदनाचा ठराव केला.

एसएसडी बसली आणि घर ओस पडलं. लोक चपला न काढता पावती घेऊ लागले. काका म्हणत, "बसा की!" लोक म्हणत, "नको काका, झालं ना काम." केलेला चहा नवरा-बायकोच संपवत.

"तुमच्या काटकसरीनं मला ॲसिडिटी झाली," नर्मदाकाकू म्हणाल्या.

काका तडक मेहुलच्या दुकानात गेले. "अरे, ही मंद होत नाही!"

अशी तक्रार मेहुलकडे पहिल्यांदाच आली होती. "रिकामी हाय ना, काका. भरायला लागेल."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: सभासदांनी लग्न, हळद, बारसं, केळव्याची सहल इत्यादींचे व्हिडिओ सचिवांकडे जमा करावेत. सोसायटीतर्फे जतन केले जातील.

पहिला आला दुसऱ्या मजल्यावरचा धीरज, स्वतःच्या हळदीचा पेनड्राइव्ह घेऊन. कॉपी सुरू झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी सुसाट निघाली आणि काकांचा चेहरा पडला. मग पट्टीला दम लागला.

"काका, अडकलं वाटतं."

"अडकलं नाही, चाललंय. मध्येच काढू नकोस, बिघडेल." काकांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक!"

धीरज बसला. दार उघडं बघून शेजारची दीपाली डोकावली आणि तीही बसली. पट्टी पुढे सरकेना, तेव्हा हळदीत कोण कोण कसं नाचलं, यावर बोलणं गेलं. वराच्या मामाचा नाच दीपालीने उठून करून दाखवला.

पुढच्या सभेत स्वातीताईंनी तक्रार मांडली. "डिस्क भरलीय. कॉम्प्युटर पुन्हा रांगतोय. आता तरी चांगल्यातली घ्या."

काकांनी कप खाली ठेवला.

"अगं पण तुझ्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ टाकायचा राहिलाय ना?" नर्मदाकाकू म्हणाल्या. "मी त्या दिवशी करंज्या करणार होते."

स्वातीताईंनी जरा विचार केला. ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला: नवी एसएसडी मोठी घ्यावी, मात्र स्वस्तातलीच.

"आणि दुसरीकडे कॉपी ठेवायचं काय?" डोहाळजेवणाच्या व्हिडिओच्या दिवशी नवी डिस्क बसवायला आलेल्या मेहुलने विचारलं.

तो विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. करंज्या आल्या होत्या.