इंजिनाचं फाउंडेशन

गवंड्याने आयुष्यात एकशे चौदा घरांचे पाये घातले आणि त्यातला एकही खचला नाही. हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. माणूस मनाने लाखात एक, पण एकदा पायाचा विषय निघाला की समोरच्याची सुटका नसायची. आणि नेमकं त्या पायानेच त्याला तोंडघशी पाडलं, तेही सख्ख्या बहिणीसमोर.

काम थांबवल्यावर माणसं बागेत माती उकरतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. गवंड्याने घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून एक मोटार बांधली. ‘बांधली’ हा त्याचाच शब्द. जुन्या काळातल्या एका उघड्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची ती नक्कल होती. लोखंडी पाइपांची चासी म्हणजे सांगाडा, वर फायबरची लालभडक बॉडी आणि पोटात भंगारातून आणलेलं चार सिलिंडरचं इंजिन. अस्सल गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पाहिली होती आक्काने, तीही चित्रात.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीसची होती आणि हा आठ वर्षांचा. तिने मालाची व्हॅन चालवायला घेतली आणि तीस वर्षं चालवली. मासिकातून कापलेलं त्या लाल गाडीचं चित्र तिच्या स्टिअरिंगशेजारी चिकटवलेलं असायचं. सिग्नलला थांबली की ती त्याच्याकडे बघायची आणि दिवा हिरवा झाला की पुन्हा कामाला लागायची. गवंड्याने ही गाडी बांधायला घेतली ती आक्काने एकदा चालवावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

आता घाई होती. आक्काच्या बोटांत तरुणपणापासूनच बिघाड होता आणि आता तो फार वाढला होता. हातात काही थरथरलं की दहा मिनिटांत बोटं पांढरीफटक पडत आणि बधिर होत. मिक्सरचं झाकणसुद्धा तिला दाबून धरवत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सत्तरी पूर्ण झाली की लायसनच्या कागदावर मी पुन्हा सही करणार नाही. सत्तरी येत्या शनिवारी पूर्ण होत होती. म्हणजे शुक्रवारपर्यंत तिने गाडी चालवली तर चालवली, नाहीतर ती शेडमध्ये शोभेला.

महिन्यापूर्वी मेकॅनिक येऊन इंजिन तपासून गेला होता. त्याला सगळे वायसर म्हणत, कारण कुठलंही काम उरकलं की त्याच्या हातात नटाखालची एक चकती, म्हणजे वायसर, हमखास उरायचा. आक्काच्या व्हॅनचं कामही वर्षानुवर्षं त्याच्याकडेच असायचं. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, “मिस्त्री, फाउंडेशन गेलंय. जरा चांगल्यातलं टाका.” एवढं बोलून तो लेकीकडे गेला तो महिनाभर तिकडेच राहिला.

इंजिन आणि चासी यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात, दोन बाजूंना दोन आणि गिअरबॉक्सखाली एक. त्यांच्यावर इंजिन बसतं. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. गॅरेजवाल्याने हा शब्द ऐकला तर तो रबर काढतो. गवंड्याने ऐकला आणि त्याच्या डोळ्यांपुढे खडी, सळई आणि काँक्रीट उभं राहिलं. त्याला आपण तरी काय म्हणणार? चाळीस वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं, तो शब्द माणूस दुसऱ्याला विचारून घेत नाही.

तो दुकानात गेला. दुकानदाराने तीन प्रकार मांडले. साधं रबर पन्नास नंबरचं, त्याहून घट्ट साठचं आणि काळं प्लास्टिकसारखं पंच्याण्णवचं. नंबर वाढेल तसा माल कडक.

“पंच्याण्णव द्या,” गवंडी म्हणाला.

“ते शर्यतीच्या गाड्यांना लावतात हो, त्यात बसणाऱ्याला—”

“पंच्याण्णव.” सिमेंटमध्येसुद्धा त्याने कधी खालचा ग्रेड घेतला नव्हता.

घरी येऊन त्याने ते ठोकळे समतल बघायची पाणसळ लावून बसवले आणि नट असे आवळले की हत्ती लोंबकळला असता तरी इंजिन तसूभर हललं नसतं. मग बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे हो, पण ही गाडी आहे की पाण्याची टाकी?” यावर तो हसला. त्याने त्यावर विचार करायला हवा होता.

रविवारी सकाळी आक्का आली. गाडी बघून ती बॉनेटवरून हात फिरवत एक फेरी मारून आली. मग स्टिअरिंगवर बसली, गवंडी शेजारी बसला आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्याच्याबरोबर चासी, बॉडी, सीटा, आरसे आणि ते दोघे, सगळेच सुरू झाले. आरशात मागचा रस्ता दुहेरी दिसू लागला. गवंड्याचे दात एकमेकांवर वाजायला लागले. इंजिनाचा प्रत्येक ठोका त्या कडक ठोकळ्यांतून थेट स्टिअरिंगमध्ये उतरत होता.

आक्काने वस्तीला एक वळसा घातला आणि नवव्या मिनिटाला गाडी शेडपाशी आणून उभी केली.

“झकास झालीय रे,” ती म्हणाली. “मी बसते जरा. तू उतर.”

तो उतरला. ती का उतरत नाही म्हणून वळून बघतो तर ती कोपराने दाराची कडी दाबत होती. बोटं तिच्या मांडीवर खडूसारखी पांढरी पडली होती. त्याने दार उघडलं आणि तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसला. ती मात्र गाडीच्या रंगाचं कौतुक करत होती. एक शब्द वावगा बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मंगळवारी वायसर परत आला. त्याने बॉनेट उचललं, ठोकळ्यावर नख रोवून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“हे काय घातलंत मिस्त्री?”

“फाउंडेशन. तूच म्हणालास.”

“अहो, फाउंडेशन नुसतं नावाला. कामाला ती गादी आहे! इंजिनाने हलायचं आणि माणसाने हलायचं नाही, यासाठीच तर असते ती. तुम्ही पायाच घालून ठेवलात!”

गवंडी ओशाळला. वायसर पोट धरून हसत होता, पण आक्काच्या हातांचं ऐकल्यावर त्याचं हसू थांबलं. त्याने फडक्याने हात पुसले.

“आक्कांचे हात त्या व्हॅनने गेले,” तो म्हणाला. “दोन वर्षं व्हॅनचं फाउंडेशन पार फाटलेलं होतं. इंजिन लोखंडावर लोखंड आपटायचं. मी दर आठवड्याला मागे लागायचो, दोन दिवस गाडी माझ्याकडे सोडा म्हणून. नाहीच सोडली.”

“का?”

“तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही तेव्हा त्या धरणाच्या कामावर शिकायला जात होतात. पहाटे पाचला हजेरी. तिकडे ना बस जात होती ना काही. तुमचा मुकादम एक खाडा झाला की माणूस काढायचा.”

गवंड्याला सगळं आठवलं. रोज पहाटे तो त्या व्हॅनमध्ये पेंगत बसायचा आणि आक्काला म्हणायचा, काय खटारा आहे गं तुझा. त्याने शिकलेलं पहिलं काम म्हणजे पाया घालणं, आणि ते त्या धरणावर शिकला होता. एकशे चौदा घरं तिथून सुरू झाली होती. तो टूलबॉक्सवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. वायसर पाठ फिरवून, उघडलेला नट पुन्हा उघडत राहिला.

मग दोघे कामाला लागले. पन्नासचं मऊ रबर टाकलं असतं तर थरथर गेली असती, पण बॉडी चिंचोळी होती. इंजिन जोर घेताना कलंडलं असतं आणि सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन लागला असता. म्हणून वायसरने साठचं रबर घ्यायला लावलं, आणि इंजिनाच्या माथ्यापासून चासीपर्यंत एक आडवी दांडी बसवली, दोन्ही टोकांना रबराच्या नळकांड्या, म्हणजे बुशा, घालून. इंजिनाने खाली हवं तेवढं डुलावं, पण कलंडू लागलं की दांडीने अडवावं, असा हिशोब.

नट आवळायला गवंडी पाना घेऊन पुढे झाला, तेव्हा वायसरने त्याचं मनगट धरलं. “आत्ता नाही. नट ढिले ठेवा, इंजिन सुरू करा. त्याला कुठे बसायचंय ते त्याचं त्याला ठरवू द्या. मग आवळा.”

हे गवंड्याला फार जड गेलं. ढिल्या नटावर यंत्र सुरू करायचं म्हणजे त्याच्या धर्माविरुद्ध होतं. पण त्याने निमूट ऐकलं. इंजिन चालू झालं, जरा डावीकडे सरकलं, जरा खाली बसलं आणि शांत झालं. त्यांनी ते बंद केलं आणि नट आवळले, तेही बेतानेच. गुरुवारी दुपारी काम संपलं. गवंड्याने पाणसळ ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि इंजिन सुरू केलं. काचेतला बुडबुडा मधल्या दोन रेघांमध्ये थांबून राहिला. वायसरच्या हातात एक वायसर उरला होता, तो त्याने गुपचूप खिशात टाकला.

शुक्रवारी चारच्या सुमाराला आक्का आली. या वेळी ती जरा बिचकत बसली, पण किल्ली फिरवल्यावर तिने आश्चर्याने भावाकडे पाहिलं. इंजिन चालू होतं आणि स्टिअरिंग गप्प होतं.

नववं मिनिट आलं आणि गेलं. गवंडी घड्याळ आणि तिची बोटं आलटून पालटून बघत होता. विसाव्या मिनिटाला तिने त्याला दटावलं, “पुढे बघ रे, गाडी मी चालवतेय.” तिने मोठा रस्ता धरला, एका ट्रकला मागे टाकलं आणि खो-खो हसली. असं हसताना त्याने तिला तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“आक्का, धरणाच्या कामावर तू मला रोज सोडायचीस,” तो म्हणाला. “व्हॅनचं मला परवा कळलं. तुझे हात माझ्यापायी गेले. मी तुझा फार ऋणी आहे गं. माझं सगळं तुझ्यामुळे झालं.”

तिने गिअर बदलला.

“मला गाडी चालवायला आवडायची,” ती म्हणाली. “आणि तू शेजारी असायचास. झोपलेला का होईना.”

सत्तेचाळीस मिनिटांनी तिने गाडी शेडपाशी आणली, इंजिन बंद केलं आणि हात डोळ्यांपुढे धरून बोटं उघडली, मिटली. ती लालसर होती. तिने एकाएकी हात पुढे केला, साठीला टेकलेल्या भावाचा कान चिमटीत धरला आणि करकचून पिळला.

“आई गं!”

“लागलं?”

“लागलं ना!”

“बघ,” आक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण कान तिने सोडला नाही. “बोटं शाबूत आहेत.”

“अजून जोरात पिळ,” गवंडी म्हणाला.