गुलाबी खंड्या

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पोटात विस्तव घेऊन जगणाऱ्याला सहसा कशाचा धक्का बसत नाही. पण त्या सकाळी माझं तोंड उघडलं आणि आत थाळीवर गुलाबी खंड्या बसलेला दिसला, तेव्हा माझ्या विटा हादरल्या.

अंगणाच्या टोकाला वहिनींनी मला स्वतःच्या हातांनी रचलं. पलीकडेच तळं आहे. सकाळी पायरीवर चहा घेत त्या निळा खंड्या, गुलाबी कमळं, हिरवी लव्हाळी डोळ्यांत भरून घेत आणि दुपारी मातीच्या थाळ्यांवर उतरवत. वर रंगीत झिलई चढे आणि थाळ्या माझ्या पोटात येत. कच्ची झिलई दिसायला भलतीच असते. तिचा खरा रंग विस्तवात उमलतो. गिऱ्हाईक थाळी उचलून म्हणे, "अगदी तळ्यावरचाच पक्षी." कौतुक वहिनींच्या खात्यावर, धूर माझ्या. माणसांचा हिशेब असाच असतो. मी मनाला लावून घेतलं नाही.

यंदा वहिनींचे दीर नोकरीतून निवृत्त होऊन राहायला आले. कचेरीत जन्म गेलेला. आल्या आल्या भाऊजींनी चपला ओळीत लावल्या, भांडी उंचीप्रमाणे मांडली आणि मांजराला बसायची जागा ठरवून दिली. मांजर सोडून सगळ्यांनी ऐकलं.

त्यातच वहिनींचा हात मुरगळला, आणि नव्या खानावळीच्या थाळ्या तर द्यायच्याच होत्या.

"झिलई मी चढवतो, वहिनी," भाऊजी म्हणाले. "बादल्यांवर झाकणं आहेत, झाकणांवर चित्रं आहेत. शाळकरी पोराचं काम."

थाळ्या त्यांनीच आत रचल्या. मी नेहमीसारखीच तापले, नेहमीसारखीच निवले. आणि उघडून पाहतात तो काय! खंड्या गुलाबी, कमळं निळी, लव्हाळी काळीठिक्कर. वहिनींनी थाळी उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"भाऊजी, झाकण बघूनच झिलई घेतलीत ना?"

"एकूण एक. चूक काढून दाखवा."

वहिनींनी माझ्या भेगेवरून हात फिरवला. "मग हिचंच डोकं फिरलंय."

"वय झालं तिचं. मलाही काढलंच की."

"तुम्हाला निरोपाचा चहा तरी पाजला."

मित्रांनो, खोटा आळसुद्धा पुन्हा पुन्हा ऐकला की खरा वाटू लागतो. मी माझाच विस्तव आठवून पाहिला. कुठे जास्त झाला? कुठे कमी पडला? उत्तर सापडेना, आणि मला पाडायला गवंडी पहार घेऊन दारात आला.

"थांब. पहिली वीट मी काढते," वहिनी म्हणाल्या. "लावलीही मीच होती."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून भाऊजी गवंड्याशी थट्टा करू लागले. "यांचा सगळाच कारभार असा बघ. गुलाबी रंगाच्या बादलीवर खंड्याचं झाकण, निळ्यावर कमळाचं, हिरव्यावर कावळ्याचं. शेवटी मीच आतला रंग बघून एकेक झाकण जागेवर बसवलं."

वीट वहिनींच्या हातात तशीच राहिली.

"कधी?"

"झिलई चढवायच्या आधी. आभार मानू नका, घरचंच काम आहे."

वहिनी गर्रकन वळल्या. "भाऊजी, तो गुलाबीच भाजल्यावर निळा होतो."

गवंड्याने पहार हळूच भिंतीला टेकवली. भाऊजींचं तोंड माझ्याएवढं उघडं होतं.

वहिनींनी वीट परत बसवली, माती कालवली आणि दुखऱ्या हाताने माझी भेग लिंपली. "चुकलं गं माझं," त्या पुटपुटल्या. इतक्या वर्षांत माझ्याशी त्या पहिल्यांदाच बोलल्या.

खानावळीसाठी नव्या थाळ्या माझ्यातूनच निघाल्या, निळ्या खंड्याच्या. गुलाबी खंड्याच्या थाळीत आता भाऊजी जेवतात. झाकणांना हात लावत नाहीत. मांजराला मात्र अजून जागा दाखवतात.

मित्रांनो, घरात काही बिघडलं की बोट आधी सगळ्यांत जुन्याकडे वळतं. पहार आणायच्या आधी भेग लिंपून बघा, आणि त्याच्याही आधी झाकण उघडून आत बघा. मला एवढं मोठं तोंड आहे, पण माझी बाजू मांडायला ते कामाला आलं नाही.