शंभरात किती

अगं, ऐक तर. मधे बोलू नकोस हं, नाहीतर माझं अर्धं सांगायचं राहून जाईल.

तर ती दोघं डॉक्टरांच्या खोलीत बसलीयत. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशी ओलांडलेला. कामावर सगळे त्याला ‘वरखाली’ म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. बायको एका हॉटेलच्या लाँड्रीत. दिवसभर नुसत्या चादरी. धुवा, वाळवा, इस्त्री करा, घड्या घाला. त्या दिवशी अर्धी रजा टाकून तशीच आली होती, हाताला अजून साबणाचा वास येत होता.

वरखालीचं दुखणं असं, की हृदयाचा ठोका मधेच ताल सोडायचा. धावत सुटायचा, अडखळायचा, थांबल्यासारखा व्हायचा, परत धावायचा. सहा महिन्यांपूर्वी लिफ्टच्या मशीनरूममध्ये त्याला घेरी आली, कंपनीनं तपासायला पाठवलं, तेव्हा हे बाहेर आलं. गोळ्यांनी भागेना. मग डॉक्टर म्हणाली, ॲब्लेशन करू. डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी गं, आपल्याएवढी दिसते. ॲब्लेशन म्हणजे मांडीतल्या शिरेतून बारीक वायर हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून उलटेसुलटे इशारे निघतात तिथे चटके द्यायचे. काहींचं त्यानं छान सुधारतं, काहींचं वर्षाच्या आत परत सुरू होतं. कुणाचं टिकेल हे आधी सांगणं मोठं अवघड. म्हणून तिनं कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घेतलाय. आधी होऊन गेलेल्या हजारो पेशंटांवरून तो शिकलाय म्हणे. त्याला स्कॅन द्यायचा, ठोक्यांचा आलेख द्यायचा, वय, वजन, त्रास कधीपासून, सगळं भरायचं. मग तो सांगतो, टिकायची शक्यता शंभरात किती.

डॉक्टरनं भरलं. कोपऱ्यात नर्स सलाईनचं सामान लावत होती, तीसुद्धा मान वळवून बघायला लागली. स्क्रीनवर आलं, बहात्तर.

वरखालीची कळी खुलली. शाळेत एवढे मार्क मला कुणी दिले नव्हते म्हणाला, आणि बायकोला कोपरानं ढोसलं. ती हसली. पण डॉक्टर काही हसली नाही, ती स्कॅनकडेच बघत राहिली. हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा चांगलाच ताणला गेलाय म्हणाली, सहा महिन्यांत सहसा एवढा ताणला जात नाही. काका, त्याआधी कधीच त्रास नव्हता, नक्की? तो म्हणाला, छे, त्याआधी मी घोडा होतो घोडा.

बायको मांडीवर रुमालाची घडी घालायला लागली. घातली, मोडली, परत घातली.

कारण तिला माहीत होतं गं. धाकटी मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली, त्या सुमारापासून माहीत होतं. तो कुशीवर वळून झोपायचा आणि ही त्याच्या पाठीला कान लावून, लग्न झाल्यापासूनची सवय. एके रात्री तिनं ते ऐकलं. लाँड्रीच्या मशीनमध्ये चादरी एका बाजूला गोळा झाल्या की ड्रम कशी आदळआपट करतो, हुबेहूब तसं. पण तिथे मशीन बंद करून चादरी सारख्या करता येतात. इथे काय करणार? पडून राहिली, ठोका सरळ होईपर्यंत ऐकत. मग ते नेहमीचंच झालं.

आणि त्यालाही ठाऊक होतंच की. जिन्यात दर मजल्यावर त्याच्या बुटाची नाडी सुटायची, ती बांधायच्या निमित्तानं खाली बसून दम खायचा. एकदा तर पायात चपला होत्या.

तो लपवत होता, कारण कंपनीला कळलं असतं तर लिफ्टच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं असतं. आणि ही गप्प होती, कारण इतक्या निगुतीनं लपवतोय माणूस, त्याला उघडं कसं पाडायचं? शिवाय बोललं की ते खरं होऊन बसेल, अशीही भीती. रोज तो कामाला निघाला की ती डबा पुढे करायची.

आता समोर बहात्तर. गप्प बसली तर नवरा हसत हसत ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपणार. बोलली तर आकडा घसरणार, त्याचं तोंड उतरणार, कुणी सांगावं, डॉक्टर म्हणेल की नकोच करायला. वर, तुला माहीत होतं तर तू इतके दिवस काय करत होतीस, हेही येणारच.

"चार वर्षं," ती म्हणाली. रुमालाकडे बघतच. "सहा महिने नाही. चार वर्षं झाली त्याला."

"काहीतरीच काय," वरखाली म्हणाला. "हिला काय माहीत?"

"माझा कान असतो तुमच्या पाठीला. रोज."

डॉक्टरनं सहा महिने खोडले, चार वर्षं भरली. बहात्तरचे एकेचाळीस झाले. पण वरखालीनं तिकडे बघितलंच नाही. तो बायकोकडे बघत होता, आत्ताच कुणीतरी ओळख करून दिल्यासारखा.

"म्हणजे ते सरळ होईपर्यंत तू जागी असायचीस?"

ती म्हणाली, कामावर जरा डुलकी यायची, सुपरवायझर ओरडायची, त्यात काय एवढं.

मग डॉक्टरनं नीट समजावलं. एकेचाळीस म्हणजे नकार नाही. उलट कळलं ते बरं झालं, आता जास्त ठिकाणी चटके द्यावे लागतील, जास्त वेळ लागेल, कदाचित दुसऱ्यांदाही करावं लागेल, त्या तयारीनंच आत जाता येईल. थांबलात तर मात्र आकडा आणखी खाली येईल. आणि कंपनीला मी लिहीन ते खरंच लिहीन, काका.

"फोनवर बसवतील मला," वरखाली म्हणाला. "लोकांच्या तक्रारी घ्यायला."

"बसा की," बायको म्हणाली. "तिथे दम खायला दर मजल्यावर बुटाची नाडी तरी सोडावी लागणार नाही."

आधी डॉक्टरला हसू फुटलं, मग नर्सला, आणि सगळ्यात शेवटी त्याला. म्हणाला, करून टाकू.

पुढच्या आठवड्यात त्याला स्ट्रेचरवरून आत नेताना ही दारापर्यंत बरोबर गेली. तिथे त्यानं तिचा हात धरला. कुणाला वाटेल आता काहीतरी मोठं बोलणार. तर म्हणतो काय, "आज माझे ठोके ऐकायला आत सहा माणसं आहेत. तू झोप."

दार लागलं. ती बाकावर बसली. जरा वेळ त्या दाराकडे बघितलं, चपला काढल्या, पाय वर घेतले, पर्स गालाखाली सारली, आणि झोपली गं. डुलकी नाही. चक्क घोरत होती. बाकीच्यांचे नातेवाईक माना वळवून बघायला लागले. एक बाई तर पुटपुटलीच, नवरा आत, आणि ही बघा.

दुपार कलली तेव्हा नर्स बाहेर आली, तीच, त्या दिवशी खोलीत होती ती. सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. ठोका सरळ चालला होता. टिकेल का, ते पुढे कळेल, आज कॉम्प्युटरही ते छातीठोक सांगत नाही. वरखाली शुद्धीवर आला होता आणि पहिल्यांदा हिलाच विचारत होता. नर्स बाकापाशी आली, तिच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि तशीच उभी राहिली. आत तो वाट बघतोय, बाहेर ही झोपलीय, तोंड जरासं उघडं, कपाळावर एक आठी नाही.

खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस? उठवलं असतंस?